अखाजीचं ताट, दुधाविना

प्रश्न : माई, आमच्या चार वर्षांच्या नातवाला दुधाची अ‍ॅलर्जी निघाली आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. खापराच्या पुरणपोळ्या, रस, खीर, सांजोऱ्या असा बेत असतो. त्याला काय वाढू? निदान तूप तरी चालेल का?
– एक आजी, अमळनेर

उत्तर : ताई, आधी तुपाचं. नुसतं दूध पचत नसेल, तर चमचाभर तूप बहुतेकांना बाधत नाही. कढवल्यावर त्यात दुधातली साखर जवळजवळ उरत नाही. अ‍ॅलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते आणि त्यांचा अंश तुपात राहू शकतो. तेव्हा डॉक्टर हो म्हणेपर्यंत तूप बंद. ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणणारं एक तरी माणूस पंगतीत निघतंच, त्याच्या शेजारी नातवाला बसवू नका.

खापराच्या पोळीत मुळात दूध नसतंच. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं नि गुळाचं, वरचं पीठ वस्त्रगाळ, मीठ-पाण्यात सैल मळून भरपूर तिंबलेलं. हातावर खेळवत वाढवली की टाकली खापरावर. तूप येतं ते ताटात! म्हणून त्याची पोळी आधी काढून ठेवा, वाढायचा चमचाही वेगळा. रसात दूध घालत असाल तर यंदा नको. चिमूटभर सुंठ पुरे.

खिरीला मात्र बसावं लागेल. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवा, सकाळी सालं काढून तीन वाट्या पाण्यात वाटा आणि फडक्यातून पिळा. हे दूध मंद आचेवर ढवळत चांगलं उकळू द्या, नाहीतर कच्चट वास जात नाही. त्यात शिजवलेला गव्हाचा दलिया घाला. गूळ वेगळा विरघळवून, गाळून, खीर खाली उतरवल्यावरच घाला. उकळत्यात पडला तर दूध फाटायची धास्ती. शेंगदाणा त्याला सोसतो ना, हे आधी विचारून घ्या. नसेल तर नारळाचं दूध आहेच, पण मला ती खीर कोकणातली वाटते, शेंगदाण्याची आपली.

बाजारची मिठाई नकोच. बिस्किटाच्या पुड्यावर अ‍ॅलर्जीची सूचना बारीक अक्षरांत असते. दूध किंवा व्हे, केसिन ही दुधातलीच प्रथिनं, यातलं काहीही दिसलं तर पुडा परत ठेवा.

सांजोऱ्यांना मोहन तेलाचं घाला, सारणाचा रवाही तेलावरच भाजा. तेल घाण्याचं, शेंगदाण्याचं असेल तर खमंगपणात काही कमी पडत नाही.