पुट ऑफ, पुट ऑन आणि मारलेली डुलकी

प्रश्न: ताई, मी फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे ऑफ, ऑन, अप असलं शेपूट लागून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची, अख्खी यादी पाठ केलीय, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट ऑन म्हणजे घालणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे वगैरे. पेपरात सगळं बरोबर येतं पण बोलायला तोंड उघडलं की एक आठवेल तर शपथ. आणि मुळात पुट म्हणजे ठेवणे, त्याचा सहन करण्याशी संबंध काय?

उत्तर: संबंध शोधत बसू नकोस, डोकं दुखेल. त्यापेक्षा असं समज की एखादा इंग्रज मराठी शिकतोय आणि तो तुला विचारतोय, मारणे म्हणजे हिट ना, मग तुम्ही लोक डुलकी का मारता, थापा का मारता, आणि कॉलेजला दांडी मारता ती लागते कोणाला? काय सांगशील त्याला? आपण ह्याची यादी कधी केली नाही, 'काल क्लासला दांडी मारली' हे अख्खं वाक्य कानावर पडलं आणि तसंच्या तसं तोंडात बसलं.

ह्याच्याहून जवळचं सांगते. खाऊन टाक, खाऊन घे, खाऊन बघ, तिन्हीकडे खाणंच आहे पण तिन्ही वेगळी. खाऊन टाक म्हटल्यावर कोणी ताट फेकून देत नाही, तिथे 'टाक' म्हणजे एकदाचं संपव. तेच काम इंग्लिशमधे पुष्कळदा 'अप' करतो. ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे खाऊन टाक. टीअर इट अप, फाडून टाक. वुई यूज्ड अप ऑल द पेपर, कागद सगळा वापरून टाकला. हे एकदा लक्षात आलं की निम्म्या 'अप'ची भीती जाते. निम्म्याच हं, कारण ब्रिंग अप म्हणजे मुलं वाढवणंही आणि मीटिंगमधे नको तो विषय काढणंही, तिथे 'टाक' लावून काही उपयोग नाही.

आता तुझी यादी. क्रियापद एकटं पाठ करू नको, ते कोणाच्या संगतीत असतं ते बघ. पुट ऑफच्या संगतीत मीटिंग, ट्रिप, दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट. आय कीप पुटिंग ऑफ माय डेंटल अपॉइंटमेंट, हे स्वतःबद्दल खरं असेल तर जन्मात विसरणार नाहीस. पुट ऑन बरोबर कोट, चष्मा, वजन, गाणं. आणि पुट अप विथला कायम काहीतरी त्रासदायक लागतं, आवाज, शेजारी, बॉस. आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज एनीमोर. पुट अप विथ अ गिफ्ट असं कोणी म्हणत नाही, म्हटलं तर गिफ्ट भयंकर असणार.

आणि हा त्रास तुलाच होतो असं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्लिशची डिक्शनरी काढली, तिच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला असं शेपूट लावायची सवय परदेशी माणसाला सगळ्यात जड जाते. फ्रेझल व्हर्ब हे नाव तर पुढे १९२० च्या दशकात रुळायला लागलं, म्हणजे नावाच्या आधीपासून लोक वैतागलेले.

प्रश्न: 'टर्न ऑफ द फॅन' बरोबर आणि 'टर्न ऑफ इट' चूक असं सर म्हणाले. का ते सांगितलं नाही.

उत्तर: सर बरोबर आहेत. टर्न ऑफ द फॅन चालतं, टर्न द फॅन ऑफ पण चालतं, पण इट, देम, हिम असली चिमुकली सर्वनामं आली की ती मधेच बसणार, टर्न इट ऑफ. इंग्लिश वाक्यात नवीन किंवा वजनदार गोष्ट शेवटाकडे जाते, आणि 'इट' म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट, तिला शेवटची खुर्ची कशाला द्यायची. उलट वस्तूचं नावच लांबलचक असेल तर ते मधे कोंबू नका, टर्न द फॅन दॅट इज मेकिंग अ स्ट्रेंज नॉइज ऑफ, वाक्य संपेपर्यंत माणूस उकाड्याने हैराण होईल.

पण सगळी क्रियापदं अशी फुटत नाहीत. लुक आफ्टर, लुक फॉर, रन इन्टू ही घट्ट जोडलेली, तिथे लुक आफ्टर हिम असंच. डिक्शनरीत बघताना नुसता अर्थ वाचून पान उलटू नका, दिलेल्या वाक्यात 'इट' कुठे बसलाय तेवढं बघा.

प्रश्न: लुक आफ्टर, लुक इन्टू, लुक फॉर, लुक अप ह्यात माझा नेहमी गोंधळ होतो.

उत्तर: माझाही व्हायचा, आणि तो मला नडलाय. नोकरीला नवीन होते, एका ग्राहकाची तक्रार आली, मी रुबाबात मेल टाकला, आय विल लुक आफ्टर युवर कम्प्लेंट. म्हणायचं होतं की मी लक्ष घालते, पण लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, म्हणजे मी कळवलं की तुमच्या तक्रारीची मी नीट काळजी घेईन, खाऊपिऊ घालीन. त्यांचं उत्तर आलं, प्लीज डोन्ट, जस्ट सॉल्व्ह इट. तेव्हापासून लुक इन्टू म्हणजे आत डोकावून छडा लावणे हे डोक्यात कोरलं गेलंय. हरवलेली किल्ली लुक फॉर, आणि शब्दाचा अर्थ नाहीतर फोन नंबर लुक अप.

जाता जाता लुक फॉरवर्ड टू. लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू असं निम्म्या मेलमधे असतं, ते मीटिंग यू हवं. तिथला 'टू' हा शेपटाचा भाग आहे, त्याच्यापुढे नामासारखंच रूप येतं.

प्रश्न: कोप अप विथ चूक आहे का? सगळेच म्हणतात.

उत्तर: सगळे म्हणजे आपण सगळे. कीप अप विथ आहे, कॅच अप विथ आहे, पुट अप विथ आहे, म्हणून आपण बिचाऱ्या कोपलाही त्याच रांगेत उभं केलं. स्टँडर्ड इंग्लिशमधे नुसतं कोप विथ. फॉर्मचंही तसंच, आपण फिल अप करतो, ब्रिटिश लोक फिल इन करतात, अमेरिकन फिल आउट. फिल अप हे टाकी, ग्लास असल्या काठोकाठ भरायच्या गोष्टींना शोभतं. अर्थात कोणी फॉर्म फिल अप केला म्हणून मी त्याला टोकत नाही, कळतं सगळ्यांना.

प्रश्न: अलार्म वेंट ऑफ म्हणजे अलार्म बंद झाला ना?

उत्तर: नाही, वाजला! लाइट्स वेंट ऑफ म्हणजे दिवे गेले आणि अलार्म वेंट ऑफ म्हणजे अलार्म सुरू झाला, एकच शब्द आणि बरोब्बर उलटे अर्थ. बॉम्बही गो ऑफ होतो म्हणजे फुटतो, आणि ब्रिटनमधे दूध गो ऑफ झालं तर ते नासलेलं असतं. इथे कुठलंही लॉजिक लावू नका, कर्ता कोण आहे तेवढंच बघा.

प्रश्न: ऑफिसच्या पत्रात फ्रेझल व्हर्ब अजिबात वापरू नये हे खरं का?

उत्तर: अर्धवट खरं. पुट ऑफला पोस्टपोन, पुट अप विथला टॉलरेट असे लॅटिनमधून आलेले भारदस्त भाऊ आहेत, अर्जात ते बरे दिसतात. पण कॅरी आउट, सेट अप ही रिपोर्टमधे सर्रास चालतात, आणि ग्रो अपला पर्याय शोधायला गेलात तर वाक्याची वाट लागेल. उलट मित्राला आय शॅल पोस्टपोन अवर टी असं लिहिलंत तर तो घाबरून फोन करेल, काय झालं म्हणून.

प्रश्न: लॉगइन एक शब्द की दोन?

उत्तर: नाम असेल तर जोडून, युवर लॉगइन. क्रियापद असेल तर तोडून, प्लीज लॉग इन. बॅकअप, ब्रेकडाउन सगळ्यांना हेच लागू, आणि बोलताना नामात जोर पहिल्या भागावर, क्रियापदात शेपटावर. भूतकाळ लॉग्ड इन. परवा एका मेलमधे 'आय हॅव लॉगिन्ड' वाचलं, तो मी अजून लॉग आउट होऊनसुद्धा विसरले नाहीये.