झेन बघायला जाण्याआधी

बेटा,

तुझे फोटो काल रात्री बघितले, सगळे, तीन-तीनदा. २००३ ची मारुती झेन, आत एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन, खाली बसवलेली, मोठे ॲलॉय. तुझं मन बसलंय ते कळतंय मला, आणि गाडी आहेच तशी. पण आई म्हणाली की तू टोकन द्यायलाच निघाली होतीस, म्हणून आज सगळं बाजूला ठेवून लिहायला बसलोय, फोनवर सांगितलं असतं तर तू हो काका हो काका केलं असतंस आणि निम्मं विसरली असतीस.

मॉडिफाय केलेली गाडी बघायला गेलीस ना, की काय लावलंय ते नंतर बघायचं, काय कापलंय ते आधी. बोल्टवर लावलेलं सगळं एका रविवारात निघतं, एक्झॉस्ट, सीट, स्टीअरिंग, ॲलॉय, काहीही. पण जागा करायला पत्रा कापला असेल, गाडी खाली बसवायला स्प्रिंगचे वेटोळे ग्राइंडरने उडवले असतील, वायरिंगचा हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, मधेच तोडून जोडला असेल, तर त्याची भरपाई तुझ्या खिशातून आणि तुझ्या दोन वर्षांतून होते.

मी २०११ मध्ये अशीच एक झेन घेतली होती. इंजिन इतकं गोड चालायचं की बॉनेट उघडून मी नुसता ऐकत उभा राहिलो. पुढे मोठा रेडिएटर होता, मला वाटलं वा, कूलिंगचा विचार केलाय माणसाने. तो रेडिएटर बसावा म्हणून पुढचा कोअर सपोर्ट, म्हणजे रेडिएटर धरणारी आडवी पट्टी, मधून कापून तिथे लोखंडी अँगल वेल्ड केला होता आणि वरून काळा रंग मारला होता, ते मी बघितलंच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्या वेल्डला तडा गेला. बॉनेटचं लॉक त्याच पट्टीवर असतं. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना बॉनेट थडथडायला लागलं, शेजारी तुझी काकू, मागे मुलगी झोपलेली. गाडी कडेला घेतली, सामान बांधायच्या दोरीने बॉनेट आवळलं आणि वीसच्या स्पीडने घरी आलो. त्या दिवसापासून कुठलीही गाडी असो, मी आधी गुडघ्यावर बसून तिचं नाक बघतो.

तू पण तेच कर. टॉर्च घे, बॉनेट उघड, डावीकडचा ॲप्रन आणि उजवीकडचा ॲप्रन, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा, समोरासमोर ताडून बघ. कंपनीचा स्पॉट वेल्ड म्हणजे सारख्या अंतरावर छोटे गोल खळगे असतात, हाताने केलेलं वेल्डिंग गांडुळासारखं फुगीर दिसतं. एका बाजूला खळगे आहेत आणि दुसऱ्या बाजूला पत्रा गुळगुळीत, म्हणजे तिथे डेंटरचा हात फिरलाय. खाली सगळीकडे धूळ आणि एकाच ठिकाणी नवा काळा कोट दिसला तर तिथेच बोट फिरव. फ्रीजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून ने, दाराचा खालचा भाग, रनिंग बोर्ड, मागच्या चाकाची कमान, जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे.

आणि एक, नंबर जीजे ०६ आहे हे तू मला सांगितलं नाहीस, फोटोत दिसलं. म्हणजे बडोद्याची गाडी. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तिथे कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. ही त्यातली असेलच असं नाही, पण तेव्हा ती कुठे उभी होती हे सरळ विचार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या टोकाला मातकट रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटच्या रेल्सवर गंज, कार्पेटखाली बारीक गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यात कोंदट वास. आपल्याकडे माळव्यात हवा कोरडी, गाड्या सहसा इतक्या सडत नाहीत, म्हणून आपल्या मेकॅनिक लोकांना हे बघायची सवयच नसते.

कागद. आरसीवर ९९३ सीसी लिहिलंय आणि आत बसलंय १२९८ सीसी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. उद्या कुठे ठोकली तर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा इंजिन नंबर बघतील. शिवाय बडोद्याची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, त्याच्याशिवाय इथे तुझ्या नावावर होणार नाही आणि इथला टॅक्स वेगळा भरावा लागेल. २००३ ची आहे म्हणजे १५ वर्षांनी २०१८ ला आणि मग २०२३ ला रिन्यू झालेली हवी, तारीख आरसीवर बघ. चेसिस नंबर इंजिनच्या मागे फायरवॉलवर कोरलेला असतो, आरसीशी एकेक अक्षर जुळव, मारुतीचा असेल तर सुरुवात एमए३ ने होते.

म्हणून मालकाला विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न हा, की जुनं ९९३ चं इंजिन कुठंय? झेन आणि एस्टीमची इंजिनं एकाच घराण्यातली आहेत, त्यामुळे परत बसवणं फार अवघड नाही. ते इंजिन त्याने जपून ठेवलं असेल, नंबर आरसीशी जुळत असेल, सोबत जुन्या स्प्रिंगा आणि एअर फिल्टरचा डबा पण असेल, तर तो मागतोय ते ९० हजार मला जास्त वाटत नाहीत. भंगारात दिलं म्हणाला तर मी ४० च्या वर जाऊ देणार नाही तुला.

इंजिनचं थोडक्यात सांगतो कारण ते उघडून दुरुस्त होतं. गाडी थंड असताना स्टार्ट झाली पाहिजे, पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेव, गरम लागलं तर त्याने तू यायच्या आधी चालवून ठेवलीय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघड, भकभक धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकणाच्या आत कॉफीसारखा फेस दिसला तर हेड गॅस्केट गेलं असेल, ऑइलमध्ये पाणी मिसळतंय.

वायरिंगला मात्र वेळ दे. डॅशखाली मान घालून बघ, काळी टेप किती ठिकाणी गुंडाळलीय, फ्यूजच्या जागी तार तर नाही ना, जास्त वॉटचे बल्ब रिलेशिवाय लावलेत का, लावले असतील तर होल्डर वितळून पिवळा पडलेला असतो. जुन्या गाड्या पेटतात त्या अशाच वायरिंगपायी, म्हणून इथे मी तुला अजिबात सूट देणार नाही. चालवताना तिसऱ्यावरून दुसरा टाक, खरखरला तर गिअरबॉक्सचे पैसे कापून घे. ब्रेक मोकळ्या रस्त्यावर जोरात दाबून बघ, इंजिन मोठं आणि ब्रेक मूळचेच असतील तर पहिला खर्च तिथे करायचा, आवाजावर नाही.

मालकाला आजच फोन कर, रविवारी सकाळी सातला येतोय आणि तोवर गाडी स्टार्ट करू नको म्हणून सांग. कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर आणि जॅक मी आणतो, तू टॉर्च, लोहचुंबक आणि जुने कपडे, खाली झोपायचंय आपल्याला. टोकनचे पैसे घरीच ठेव. पोहे येताना खाऊ.

काका