तो लाल रंग रात्रीच्या धुराचा आहे का?

प्रश्न: आम्ही कोपरखैरण्यात सातव्या मजल्यावर राहतो. थंडीत रात्री अकरानंतर प्लास्टिक जळल्याचा वास येतो, पहाटे सासूबाईंचा खोकला वाढतो. मुलाने उपग्रहाचा नायट्रोजन डायऑक्साइडचा नकाशा दाखवला. त्यात आमचा सगळा पट्टा लाल आहे. हा रंग त्या जाळण्याचाच ना?

उत्तर: ताई, वास खरा आहे, पण तो रंग रात्रीचा नाही. असे नकाशे बहुधा २०१७ साली सोडलेल्या 'सेंटिनेल-५पी' या युरोपीय उपग्रहाच्या मोजणीवरून काढतात. तो आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो. जमिनीवरून परत फिरलेल्या उन्हातला कुठला भाग वायूने किती शोषला, हे तो पाहतो. ऊन नाही तर मोजणी नाही. शिवाय हा वायू दिवसा काही तासांतच विरतो. म्हणजे नकाशातला लाल रंग मुख्यतः त्या सकाळ-दुपारच्या ट्रकांचा, बॉयलरांचा, जनरेटरांचा.

ठाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवताना मी दरवर्षी बर्नरची हवेची खिडकी उघडझाप करून दाखवायचे: हवा पुरली की निळी ज्योत, नाही पुरली की पिवळी, काजळी धरणारी. शहराचंही तसंच आहे. इंजिनात, भट्टीत आच प्रखर असते, तिथे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि त्यातून नकाशातला नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. ओला कचरा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. हा उपग्रह दोन्ही वायू मोजतो, आणि त्यांच्या गुणोत्तरावरून शहरातलं इंधन किती नीट जळतंय याचा अंदाज बांधता येतो. मोनॉक्साइड हवेत कित्येक आठवडे टिकतो, म्हणून आधी बाहेरून आलेला वाटा वजा करावा लागतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. धुराड्यापाशी न जाता अख्ख्या शहराची चूल तपासता येते.

पण तुमच्या गल्लीसाठी ती अपुरी आहे. नकाशाचा एक चौकोन साधारण साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. त्यात ठाणे-बेलापूर रस्ता, कारखाने आणि तुमची इमारत एकत्र येतात. पावसाळ्यात ढग आडवे येतात ते वेगळंच. आणि मोजला जातो तो जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा थर; थंडीच्या रात्री धूर मात्र खालीच कोंडतो, थेट सासूबाईंच्या खिडकीशी.

म्हणून कॅलेंडरवर रोज लिहा: वास किती वाजता आला, कसला, वारा कुठून होता. मग जवळच्या हवा तपासणी केंद्राचे त्याच रात्रींचे कार्बन मोनॉक्साइडचे तासागणिक आकडे मागवा. वासाच्या रात्री ते चढलेले दिसले, तर दोन्ही कागद जोडून महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्या.