पीएफचा आकडा दिसला आणि ती गप्पच झाली

आठवड्यातून एक तरी मेसेज येतोच, मॅडम आम्ही दोघं पंचेचाळीस-पन्नासच्या मधे आहोत, रिटायरमेंटसाठी साठवलंय ते पुरेल का, कुणी म्हणतं दोन कोटी लागतात कुणी म्हणतं पाच, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आता मी काही गुंतवणूक सल्लागार नाही, माझं काम नवराबायकोशी बोलायचं, त्यामुळे कुठला फंड घेऊ हे मला विचारू नका. पण पुण्यातल्या धायरीच्या एका जोडप्याचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय.

तो ४७, ती ४५. तो चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, पहाटे कंपनीची बस पकडायची ती संध्याकाळी ट्रॅफिक खात परत. ती घराजवळच्या प्लेग्रुपमध्ये, पगार १४ हजार, पीएफ-बिएफ काही नाही. मुलगा बारावीत. आले होते ते भांडण घेऊन, मुलाला मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगला घालायचं म्हणून हा पीएफ काढायला निघालेला आणि ती म्हणे आपल्या म्हातारपणाच्या पैशाला हात लावायचा नाही.

मी म्हणलं पुढच्या वेळी घरात असतील नसतील ते सगळे कागद घेऊन या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबून आणले. मेहुणा एजंट म्हणून घेतलेल्या तीन पॉलिसी (मेहुण्याला नाही कोण म्हणणार), होम लोनचं स्टेटमेंट, भोरकडच्या प्लॉटची एक झेरॉक्स. सातबाऱ्यावर नाव कुणाचंय विचारलं तर दोघंही पंख्याकडे बघायला लागले.

मग पीएफ. त्यानं मोबाईलवर पासबुक उघडलं, ओटीपी आला, पान लोड होईना, तोवर ती सांगत होती की तेवीस वर्षं झाली नोकरीला, पस्तीसेक लाख तरी असतीलच. पान उघडलं. १४ लाख आणि वर काही हजार. घर घेताना काढलेले तिला माहीत होते, २०११ ला नणंदेच्या लग्नाला काढले ते नव्हते. तो नखानं स्क्रीनगार्डचा कोपरा उचकटत बसला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अहो, मला विचारलं असतंत तर मी काय नाही म्हणले असते?" एवढंच, आवाज चढवला नाही.

मला वाटलं आता रडेल. तर तिनं पर्समधून पोस्टाचं पासबुक काढून टेबलावर ठेवलं. पीपीएफ, म्हणजे स्वतःहून पैसे भरायचं सरकारी बचत खातं, २०१२ पासून, महिन्याला तीन-तीन हजार टाकलेले, सात लाखांच्या वर झालेत आणि ह्याला पत्ताच नाही. त्यानं खड्डा लपवलेला, हिनं गल्ला. (हे असं मी किती घरांत बघितलंय, फक्त पासबुक वेगळं.)

मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. घरखर्च किती तर म्हणाले चाळीसेक हजार, एक महिना सगळं लिहून काढायला लावलं तर हप्ता आणि मुलाची फी सोडून ६२ हजार. मुलाचं आणि नोकरीपायी होणारं वजा केलं तरी ४५ राहतात. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, कंपनी ५८ ला रिटायर करणार, म्हणजे तोवर धरा ८५-९० हजार महिना. तिकडे पीएफवर आत्ताचं ८.२५ आणि पीपीएफवर ७.१ टक्के व्याज असंच राहिलं, भरणा चालू राहिला आणि कुणी मधे हात घातला नाही तर दोन्ही मिळून ७५ लाखांच्या आसपास जातात. त्याचं नुसतं व्याज येईल महिना ४५ हजार. म्हणजे पुरेल का तर नाही, आत्ताच्या चालीनं निम्मंच. पण पाच कोटीच्या भीतीपेक्षा हे निम्मं बरं, कारण उरलेलं निम्मं कुठून आणायचं ते निदान बोलता येतं.

"पण पेन्शन आहे ना," तो म्हणाला. इथे खरी गोम होती. ह्याचे वडील गावाकडे, कोरेगावला, झेडपीचे शिक्षक, त्यांचं पेन्शन, वर वाढत जाणारा महागाई भत्ता, हे सगळं बघत हा मोठा झालेला, त्यामुळे डोक्यात पेन्शन म्हणजे ते. खासगी नोकरीतलं पीएफबरोबरचं पेन्शन म्हणजे पगार १५ हजारच धरायचा, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं भरली तरी महिना ७,५००. त्यात २०१४ च्या आधीची मर्यादा ६,५०० होती म्हणून ह्याला त्याहून कमीच, आणि महागाई भत्ता वगैरे नाहीच. हे त्याला खरंच माहीत नव्हतं. मी कधीच कुणाला मूर्ख म्हणत नाही याबाबतीत, आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी निवृत्ती फक्त सरकारी घरात बघितलीय.

अजून एक, हिशोब सगळे नवऱ्याच्या वयावर करतात. ती दोन वर्षांनी लहान, आणि बायका साधारणपणे जास्त जगतात, तिची नव्वदी धरली तर तो ५८ चा झाल्यावर ३४ वर्षं काढायचीत, त्यातली शेवटची कदाचित एकटीनं. मग नॉमिनी तपासले तर पीएफला अजून त्याच्या आईचंच नाव, लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी! मेडिक्लेम फक्त कंपनीचा, तो नोकरीबरोबर जाणार आणि साठीला शुगर-बीपी घेऊन नवा काढायला गेलं की प्रीमियम बघूनच बीपी वाढतं.

त्यांनी काय केलं ते थोडक्यात. सेबीकडे (शेअरबाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेल्या, फी घेणाऱ्या सल्लागाराकडे गेले, पॉलिस्यांचं काय करायचं ते तो बघतोय. स्वतःचा मेडिक्लेम काढला. नॉमिनी बदललं. घराचा २३ हजारांचा हप्ता तो ५४ चा होईल तेव्हा संपतो, त्या महिन्यापासून तेवढेच्या तेवढे एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात, टाकायचे ठरलं. मुलाला मी एकदा बोलवून घेतलं, बाप जीव तोडून सांगत होता की पोराच्या डोक्यावर आत्ताच कर्ज नको, आणि पोरगा म्हणाला मला मुळात कोट्यातून नकोच आहे, सीईटीत जे मिळेल ते, नाहीतर डिप्लोमा झालेल्या दादासारखं काहीतरी बघीन. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सहा महिने भांडत होते आणि ज्याच्यासाठी भांडत होते त्याला विचारलंच नव्हतं.

शेवटच्या भेटीत सगळं जुळत आलेलं तर ती मधेच म्हणाली, हे प्रवासाच्या पुढे एवढे कमी का धरलेत? तो म्हणाला, अगं कोरेगावला काय लागतंय, घर आपलं, भाजी शेतातली.

"कोरेगावला कोण जाणारे?"

खोलीत एकदम शांतता. ह्यानं गेली अकरा वर्षं मनातल्या मनात सगळा हिशोब गावाला राहायचं धरून केलेला. तिची भिशी, मैत्रिणी, तिची आई सगळं पुण्यात. मग खर्चाचा तो कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला पुन्हा सुरुवात केली, दूध, लाईट, सोसायटी मेंटेनन्स. तो लिहित होता पण मधेच थांबून म्हणाला, मॅडम, दारातल्या आंब्याला पाणी कोण घालणार पण?

दिवाळीनंतरची वेळ दिलीय त्यांना.