पाहुण्यांपासून काय लपवायचे?

प्रश्न : माझी भाची जर्मनीत नोकरी करते. डिसेंबरमध्ये ती तिथल्या चार सहकाऱ्यांना घेऊन वेरूळ-अजिंठा पाहायला आणि मग दोन दिवस आमच्याकडे येणार आहे. वाटेतले पाण्याचे टँकर, ऊसतोड मजुरांच्या कोप्या म्हणजे झोपड्या पाहून त्यांचे आपल्याविषयी काय मत होईल, या विचाराने संकोच वाटतो. त्यांना दुसऱ्या रस्त्याने आणावे का? तुम्ही अनेक वर्षे तिकडे राहता. तिकडे गरिबी नसतेच का?
– एक वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, रस्ता बदलू नका. मी मूळची लातूरची. लग्नानंतर जर्मनीत आले, तेव्हा पहिली काही वर्षे मलाही इथे कोणी गरीब नाही असेच वाटत होते. मग एका हिवाळ्यात रेल्वे स्थानकावर, अंगात नीटनेटका कोट असलेले एक आजोबा कचऱ्याच्या डब्यात बॅटरीचा उजेड पाडून वाकलेले दिसले. इथे प्लॅस्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत घेतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत केली की ती रक्कम मिळते. आजोबा त्या बाटल्या गोळा करीत होते. शोधणाऱ्याला उष्ट्या-खरकट्यात हात घालावा लागू नये म्हणून अनेक प्रवासी बाटली डब्यात न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, हेही तेव्हापासून माझ्या लक्षात येऊ लागले. गरजूंना अन्न पुरवणारा ‘टाफेल’ हा उपक्रम १९९३ साली बर्लिनमध्ये सुरू झाला आणि आज देशभर पसरला आहे. तुमच्या पाहुण्यांना गरिबी ठाऊक आहे. इथे ती आडोशाला असते, एवढेच.

फरक आहे तो पाण्याचा. बाटल्या वेचणाऱ्या त्या आजोबांच्या नळाला जे पाणी येते, तेच त्यांच्या घरमालकाच्या नळालाही येते आणि दोघेही ते थेट पितात. आपल्याकडे मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्हाला आठवत असेल. त्या मे महिन्यात मी माहेरी होते. आई तांदूळ धुतलेले पाणी पातेल्यात धरून ठेवी, त्यात भांडी विसळी आणि उरलेले तुळशीला घाली. आमच्या गल्लीत ज्यांची ऐपत होती त्यांनी टँकर मागवून हौद भरून घेतले. मागच्या वस्तीतल्या बाया मात्र मजुरी बुडवून घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत. साधी सोयसुद्धा ज्याने त्याने पैसे टाकून मिळवायची, हे आपण मुकाट्याने मान्य करून बसलो आहोत. संकोच वाटायचा तर मला त्याचा वाटतो, कोप्यांचा नाही.

म्हणून पाहुण्यांना आधीच सगळे सांगा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयताच म्हणतात) पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात तोडणीला जातो, बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत तेव्हा म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरेच उरतात, हे त्यांच्या कानावर असले, तर पाचटाची कोपी दिसताच त्यांचा हात कॅमेऱ्याकडे जाणार नाही. फोटो काढायचाच असेल तर विचारून काढावा. परक्याच्या मुलाचा फोटो न विचारता काढलेला त्यांच्या देशातही कोणी खपवून घेत नाही.

प्रश्न : लेण्यांपाशी मागे लागणाऱ्या विक्रेत्यांचे आणि पैसे मागणाऱ्या मुलांचे काय करावे?
– त्याच भगिनी

उत्तर : मुलांना पैसे किंवा चॉकलेट देऊ नये, ती मिळतात म्हणून शाळेच्या वेळेतही मुले तिथे रेंगाळतात. विक्रेत्यांचे निराळे आहे, तो त्यांचा धंदा आहे. अजिंठ्याला फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवून पुढे बसने जावे लागते आणि तिथेच आपल्याकडच्या काळ्या खडकात सापडणारे स्फटिक विकणारे भेटतात. घ्यायचे नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणावे. ‘येताना बघू’ असे तोंडदेखले म्हटले, तर तो माणूस तीन तासांनी त्याच जागी तुमची वाट पाहत उभा असतो, आणि मग त्याची नजर चुकवून बस गाठणे फार वाईट वाटते. पाहुण्यांपैकी कोणाला पायऱ्या झेपणार नसतील तर डोली मिळते. दर आधी ठरवावा आणि खाली उतरल्यावर घासाघीस करू नये. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेवढे पाहून तारखा ठरवा.