खाड्यांचे पान आधी पूर्ण कर

चिरंजीव विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वेब पानाचा सांगाडा मांडणारे एचटीएमएल आणि त्याला रूप देणारे सीएसएस हौसेने झाले, पण पानाकडून काम करून घेणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेपाशी गाडी अडली. व्हिडिओ पाहताना सगळे समजते, मात्र कोरी फाइल समोर आली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही, आणि त्यामुळे हे आपल्याला जमणारे नाही असे वाटू लागले आहे, असे तू लिहितेस. शेवटचा निष्कर्ष सोडला तर यातले काहीही मला नवे नाही. व्हिडिओमध्ये शिकवणाऱ्याने सर्व निर्णय आधीच घेतलेले असतात: कोणत्या व्हेरिएबलला काय नाव द्यायचे, आधी काय लिहायचे, काय सोडून द्यायचे. तू टंकलेखन करतेस, निर्णय त्याचे असतात. कोऱ्या फाइलसमोर नेमके तेच निर्णय तुझ्यावर येऊन पडतात आणि त्यांचा सराव तर झालेलाच नसतो. तेव्हा आणखी एक कोर्स लावण्याचा तुझा विचार मला पटत नाही. त्याने आठवडाभर बरे वाटेल आणि तू पुन्हा याच जागी येशील.

त्यापेक्षा तुझ्या मावशीची मेस घे. महिनाअखेरीस ती वही काढून प्रत्येकाचे खाडे मोजते आणि त्यावरून दर वेळी वादावादी होते, हे तूच मागे सांगितले होतेस. सभासदाचे नाव, तारीख, खाड्याची खूण आणि शेवटी वजावट करून निघणारे बिल, एवढेच एक पान तयार कर. लॉगिन नको, रंगीबेरंगी सजावट नको. सलग तीन दिवसांचा खाडा असेल तरच पैसे वळते होतात, हा मावशीचा नियम कोडमध्ये कसा उतरवायचा याचा विचार करताना इफ (अट), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा) आणि ॲरे (यादी) यांचा जितका अभ्यास होईल, तितका प्रश्नसंच सोडवून होणार नाही. शिवाय पान अर्धवट राहिले तर विचारणारे कोणीतरी आहे, ही गोष्ट स्वतःशी केलेल्या कोणत्याही निश्चयापेक्षा अधिक उपयोगी पडते.

या पानावर तू कोठे अडशील, तेही थोडे सांगून ठेवतो. खाड्यांची संख्या तू लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात ठेवशील, दुसऱ्या दिवशी त्यात १ मिळवशील आणि २ चे ३ होण्याऐवजी २१ झालेले दिसतील. लोकल स्टोरेज प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच साठवते आणि मजकुरापुढे अधिक चिन्ह आले की जावास्क्रिप्ट बेरीज न करता दोन्ही तुकडे जोडून टाकते; ते आधी संख्येत बदलून घ्यावे लागते. हे एकदा स्वतःच्या पानावर घडले की डेटा टाइप हे प्रकरण जन्मभर लक्षात राहते. पुढे मावशी तिच्या फोनवर पान उघडेल आणि त्यात एकही नोंद दिसणार नाही, कारण लोकल स्टोरेज त्या त्या ब्राउझरपुरतेच असते. सर्व्हर आणि डेटाबेस शिकायचे ते त्या दिवशी. त्याआधी त्यांची काळजी वाहण्याचे कारण नाही.

दुसरी सवय त्रुटीचा संदेश वाचण्याची. ब्राउझर जिथे चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये लाल अक्षरे दिसताच तू टॅब बंद करतेस, असा माझा अंदाज आहे. ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ अशासारखे ते वाक्य असते (नल म्हणजे ‘काहीच नाही’) आणि शेजारी फाइलचे नाव व ओळीचा क्रमांकही दिलेला असतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच, की ज्या बटणाला तू काम लावते आहेस ते बटण सापडलेच नाही: एक तर आयडीच्या, म्हणजे बटणाला दिलेल्या खुणेच्या नावाच्या, स्पेलिंगमध्ये फरक आहे, नाहीतर स्क्रिप्ट पानाच्या सुरुवातीच्या हेड भागात असल्याने बटण तयार होण्याआधीच ती चालली. दुसऱ्या प्रकारात, स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असेल तर, तिच्या टॅगला ‘डिफर’ (पान तयार होईपर्यंत थांब) जोडले की काम होते. एआयला विचारायचे असेल तर अवश्य विचार, परंतु तयार कोड मागू नकोस. या ओळीत नल का आले, एवढेच विचार आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने कर.

गोंधळाचा सगळा दोष स्वतःकडे घेण्याचेही कारण नाही. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या १० दिवसांत या भाषेचे पहिले रूप उभे केले. नल हा ‘ऑब्जेक्ट’ (वस्तू) असल्याचे डेटाचा प्रकार सांगणारे टाइपऑफ आजही सांगते, ती तेव्हापासूनची चूक आहे. दुरुस्त केली तर जगभरातील जुनी पाने मोडतील म्हणून ती तशीच ठेवली आहे. अशा जागी हसावे आणि पुढे जावे.

मैत्रीण रिॲक्ट हे जावास्क्रिप्टवर उभे असलेले तयार साधन शिकते, मग मीही तेच घेऊ का, या प्रश्नाला माझे उत्तर: सध्या नको. अशा साधनांपैकी जेक्वेरी २००६ मध्ये आली, अँग्युलरजेएस २०१० मध्ये, रिॲक्ट २०१३ मध्ये आणि व्ह्यू २०१४ मध्ये; प्रत्येक वेळी आधीचे शिकलेले वाया गेले अशी ओरड झाली. वाया गेले ते त्या त्या साधनाच्या खाचाखोचांपुरते. ज्यांना साधे जावास्क्रिप्ट आणि डॉम (ब्राउझरमधली पानाची रचना) नीट येत होते, त्यांना नवे साधन उचलायला फारसे जड गेले नाही. खाड्यांचे पान चालू लागल्यावर तेच रिॲक्टमध्ये पुन्हा लिही, म्हणजे रिॲक्टने नेमके कोणते काम हलके केले ते तुझे तुलाच दिसेल.

वेळेबाबत म्हणशील, तर रविवारी दिवसभर बसण्यापेक्षा रोज रात्री तासभर बरा. उठण्यापूर्वी उद्या पहिले काय करायचे, ते कोडमध्येच कॉमेंट म्हणून मराठीत लिहून ठेव आणि कोडचे बदल जपणाऱ्या गिटमध्ये कमिट कर, म्हणजे त्या दिवसाची नोंद करून ठेव. काहीच येत नाही असे वाटेल तेव्हा मागच्या महिन्यातले कमिट उघडून पाहा. त्या वेळी कशाशी झगडत होतीस हे वाचून तुझे मत बदलेल. परीक्षेच्या काळात मात्र खुशाल थांब, बी. कॉम. सोडून हे करावे असे माझे मुळीच म्हणणे नाही.

पुढच्या पत्रात पान कोठवर आले ते कळव. अडलीस तर स्क्रीनचा फोटो पाठवू नकोस. त्रुटीचा मजकूर आणि त्या ओळीच्या मागेपुढचा कोड कॉपी करून पाठव, आणि तोवर काय काय करून पाहिलेस तेही लिही. मावशींना नमस्कार सांग.

तुझा शुभचिंतक