अमेरिकेत दहावीत शिकणाऱ्या मुलीने कॉलेज सॉफ्टबॉलच्या भरतीसाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी टेक्सासमध्ये दहावीत आहे, २०२८ मध्ये तिचं हायस्कूल संपेल, ती कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारी) आहे, शाळेच्या संघात नियमित खेळते, पण अजून एकाही कॉलेज कोचचा ईमेल नाही, मग उशीर झाला का? अजिबात नाही. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए कॉलेजांना तीन डिव्हिजनमध्ये वाटते, १ सर्वांत वरची. डिव्हिजन १ च्या कोचना अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलीशी किंवा तुमच्याशी भरतीविषयी बोलायला नियमानेच बंदी आहे. तिच्यासाठी ती तारीख १ सप्टेंबर २०२६. तोवर येतात ती कॅम्पची पत्रकं आणि प्रश्नावल्या, आणि ती शेकडो मुलींना जातात. त्यांना निमंत्रण समजून पैसे भरू नका. डिव्हिजन २ ला १५ जून २०२६ पासून मुभा आहे आणि डिव्हिजन ३ चे कोच आजही उत्तर देऊ शकतात. मुलीने लिहायला मात्र कुठेच बंदी नाही, म्हणून सुरुवात आत्ताच करा.

त्याआधी रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, वाचायला शिका. माझ्या मते निम्म्या पालकांची मेहनत इथेच वाया जाते. कोच भरती करतात ती ठरावीक वर्षी रिकामी होणारी ठरावीक जागा भरायला. संघाच्या वेबसाइटवर प्रत्येक खेळाडूची जागा आणि वर्ष दिलेलं असतं. आज सोफोमोर (कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला) असलेली कॅचर २०२८ च्या उन्हाळ्यात बाहेर पडेल आणि त्याच ऑगस्टमध्ये तुमची मुलगी आत येईल, म्हणजे तिथे लिहायला अर्थ आहे. जिथे दोन्ही कॅचर आज फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) आहेत, तिथे पहिलं वर्ष बहुतेक बाकावर जाईल. नावापुढे रेडशर्ट (एक हंगाम न खेळता राखून ठेवलेली) असेल तर एक वर्ष वाढवून धरा. हा हिशेब करून तिन्ही डिव्हिजन, एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना) आणि ज्युनिअर कॉलेज (दोन वर्षांचं) मिळून चाळीसेक नावं काढा. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) अनुभवी खेळाडू घेणारे कोच वाढल्याने नवख्या मुलींच्या जागा आटल्या आहेत, त्यामुळे दहा नावांची यादी पुरत नाही.

ईमेल मुलीनेच लिहायचा, तुम्ही नाही. चार वर्षं कोचचा संबंध तिच्याशी येणार असतो, आणि आईवडील पुढे झालेले त्यांना आवडत नाही. विषयाच्या ओळीतच सगळं यावं: ‘२०२८, कॅचर / थर्ड बेस, पॉप टाइम १.९, जीपीए ३.८, टेक्सास’ (जीपीए म्हणजे गुणांची सरासरी; पॉप टाइम काय ते पुढे व्हिडिओच्या भागात). आत पाच-सहा ओळी: ट्रॅव्हल संघाचं (शाळेबाहेरच्या, स्पर्धांसाठी फिरणाऱ्या क्लब संघाचं) नाव आणि जर्सी क्रमांक, हेच कॉलेज का (तिथला एखादा अभ्यासक्रम नाव घेऊन), व्हिडिओची लिंक, पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक, ट्रॅव्हल कोचचा फोन. कॉपी-पेस्ट करताना दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून जातं, आणि तो ईमेल तिथेच संपतो. पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्या.

व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत. गाणं, स्लो मोशन, लांबलचक नावपट्ट्या नकोत. कॅचरसाठी पहिल्या वीस सेकंदांत सेकंड बेसवर केलेले थ्रो हवेत, सलग, न कापता. कॅमेरा असा ठेवा की मिटमध्ये (कॅचरच्या ग्लव्हमध्ये) चेंडू आल्यापासून सेकंडवरच्या ग्लव्हमध्ये पोहोचेपर्यंत सगळं एका चौकटीत दिसेल. एवढ्याला लागणारा वेळ म्हणजे पॉप टाइम. होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंतचं अंतर ८४ फूट १० इंच आहे. कोच स्वतः स्टॉपवॉच लावून मोजतात, त्यामुळे ईमेलमधला आकडा फुगवलात तर लगेच उघडं पडतं. २ सेकंदांच्या आत असेल तर डिव्हिजन १ चे कोच थांबून पाहतात. मोठ्या संघांना साधारण १.८ च्या आसपास हवा असतो. मग ब्लॉकिंग (जमिनीवर आपटलेला चेंडू अंगाने अडवणं), मग फलंदाजी, एकदा बाजूने आणि एकदा मागून. फक्त होमरन जोडू नका, आठ-दहा सलग स्विंग दाखवा.

शाळेचा हंगाम कॉलेजच्या हंगामाच्याच वेळी, वसंतात येतो. त्यामुळे कोच शाळेचे सामने क्वचितच पाहू शकतात. ते मुली पाहतात उन्हाळ्यात आणि शरदात, ट्रॅव्हल बॉलच्या १६ आणि १८ वर्षांखालील स्पर्धांत. स्पर्धेच्या आठवडाभर आधी मैदान क्रमांक, वेळ आणि जर्सीसह ईमेल जाऊ द्या. शनिवारी रात्री बाद फेरीचं वेळापत्रक बदललं की त्याच रात्री दोन ओळींचा नवा ईमेल, नाहीतर कोच रिकाम्या मैदानावर उभे राहतात.

अभ्यासाकडे दुर्लक्ष महागात पडतं. डिव्हिजन १ साठी १६ कोअर कोर्स (एनसीएएने मान्य केलेले मुख्य विषय) आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो. त्यातले १० कोर्स बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण हवेत, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. हे १० नंतर पुन्हा देऊन गुण सुधारता येत नाहीत. मुलीची नववी भारतात झाली असेल तर तिथली मूळ गुणपत्रिका आणि ती मराठीत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतर आत्ताच मागवून ठेवा.

पैशांबद्दल: जुलै २०२५ पासून, हाउस खटल्यातल्या (खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएविरुद्धच्या) तडजोडीत सामील झालेल्या डिव्हिजन १ संघांना २५ खेळाडूंची मर्यादा आहे आणि पंचवीसही जणींना स्कॉलरशिप देता येते. मात्र देणं बंधनकारक नाही. डिव्हिजन २ कडे पूर्ण संघासाठी मिळून ७.२ स्कॉलरशिप असतात, त्या तुकड्यांत वाटल्या जातात. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी काहीच नाही, पण चांगल्या गुणांवर मिळणारी मदत कधीकधी डिव्हिजन २ च्या तुकड्यापेक्षा मोठी निघते. म्हणून ऑफर आली की एकच आकडा विचारा: सगळं वजा जाता वर्षाला आमच्या खिशातून किती? तोंडी ऑफर कुणावरच बंधनकारक नसते. सही होते ती बारावीच्या नोव्हेंबरात, लेखी मदत-करारावर.

मुलगी एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असेल तर फेडरल आर्थिक मदत मिळणार नाही, पण खेळाची स्कॉलरशिप मिळू शकते. जाहिरातीचे किंवा नावाच्या वापराचे पैसे मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका; तिचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. २१ व्या वर्षी एच-४ संपतो, आणि ते कॉलेजच्या मधोमध येईल. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) कधी जायचं हे वकिलाशी बोलून कॉलेजला होकार देण्याआधीच ठरवा.